सगळ्यात मोठा दिवस, आणि आपल्याकडे त्याचं काहीच नाही

२१ जून २०२४, शुक्रवार. आमच्या महाप्याच्या ऑफिसात त्या दिवशी एक रिलीज होतं. म्हणजे व्हायचं होतं. क्लायंट स्वीडनचा. सकाळी साडेअकराला (त्यांचे आठ) मी अप्रूव्हलसाठी मेल टाकला आणि तीस सेकंदांत सात ऑटो-रिप्लाय आले. सगळे सुट्टीवर! मिडसमर! कॅलेंडर शेअर करूनसुद्धा ही सुट्टी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात शिरली नव्हती. रिलीज सोमवारवर गेलं.

त्याच दिवशी सकाळी एचआरचा मेल होता, योग दिनाचा. कॉन्फरन्स रूममध्ये चटया टाकून आठ-दहा जण ताडासन करत होते. आणि दुपारी पाहिलं तर टीममधल्या दोघी आणि ॲडमिनच्या मॅडम साडी नेसून, हातात सुताचं बंडल घेऊन लिफ्टमधून खाली चाललेल्या. त्या दिवशी वटपौर्णिमाही होती. एमआयडीसीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीमागे एक वड आहे, तिथे आजूबाजूच्या चार कंपन्यांमधल्या बायकांची रांग लागली होती.

तर एकाच दिवशी तीन गोष्टी. मिडसमर, योग दिन, वटपौर्णिमा. पहिल्या दोन त्या दिवशी असण्याचं कारण एकच, सूर्य. तिसरी मात्र निव्वळ योगायोगाने तिथे आली होती, कारण ती चंद्रावर चालते. (हा योगायोग साधारण १९ वर्षांनी पुन्हा जमतो, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत.) रिकामा वेळ मिळालाच होता, म्हणून मी शोधायला लागलो की आपल्याकडे, म्हणजे मराठी माणसाकडे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा स्वतःचा सण का नाही? संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, पतंग उडवतो. तिच्या बरोबर समोरच्या टोकाला काय?

सोपं उत्तर हातात आहेच. आपल्याकडे मोठा दिवस फार मोठा नसतो. मुंबई-नवी मुंबई १९ अक्षांशावर. इथे २१ जूनचा दिवस साधारण १३ तास १७ मिनिटांचा आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. स्टॉकहोमला जूनमधला दिवस साडेअठरा तासांचा असतो आणि डिसेंबरातला सहा तासांचा. सहा तासांचा दिवस सोसलेला माणूस जूनमध्ये नाचणारच. स्वीडिश लोक फुलापानांनी मढवलेला खांब उभा करतात, त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत फेर धरतात, नवे बटाटे आणि हेरिंग मासा खातात. सीईओसुद्धा बेडूकउड्या मारतो म्हणे, आमच्या क्लायंट मॅनेजरने फोटो पाठवला होता :)

दुसरं सोपं उत्तर म्हणजे पाऊस. मुंबईत मान्सून येण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे सूर्य सगळ्यात जास्त वेळ वर असतो तेव्हा आपण तो बघतच नाही. आपला उन्हाळा मे महिन्यातच संपलेला असतो. शेतकऱ्याच्या हिशेबात त्या सुमाराला सूर्याची बातमी वेगळीच असते. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि २१-२२ जूनला आर्द्रा नक्षत्रात. आर्द्रा म्हणजेच ओली. युरोपने ज्या तारखेला उजेडाचा सण केला, त्या तारखेच्या नक्षत्राचं नाव आपण 'ओली' ठेवलं आहे. यातच बरंच काही आलं.

पण ही दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत. कारण सण नसला तरी हा दिवस आपल्या लोकांना माहीत नव्हता असं अजिबात नाही. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य सहा महिने उत्तरेकडे जातो, थांबतो आणि मग दक्षिणेकडे वळतो, असं वर्णन आहे. वेदांग ज्योतिषात तर आकडे आहेत, सगळ्यात मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सगळ्यात लहान १२ मुहूर्तांचा. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. गुणाकार करा, १४ तास २४ मिनिटं येतात. हा दिवस महाराष्ट्रातला असूच शकत नाही, हे गुणोत्तर ३४-३५ अक्षांशाच्या आसपास जुळतं, म्हणजे पार काश्मीर-गांधारच्या बाजूला. काही अभ्यासक ते बाबिलोनशी जोडतात. काही असो, आपल्याकडे शतकानुशतकं पाठ होत आलेला आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी आकाशाचा आहे. कोणीतरी कॉन्फिगरेशन फाइल कॉपी केली आणि लोकेशन बदलायचं राहिलं. (असे बग आम्ही रोज बघतो.)

सण नसण्याचं खरं कारण मला वाटतं श्रद्धेत आहे. उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र. आपला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे देवांच्या दृष्टीने तिन्हीसांजा! थोड्याच दिवसांत आषाढी एकादशीला विठोबा-विष्णू झोपी जाणार, चातुर्मास लागणार, लग्नं-मुंजी बंद. मकर संक्रांतीला उजेड परत येतो म्हणून गोड बोलायचं, कर्क संक्रांतीला तो निघून जायला लागतो म्हणून गप्प बसायचं. शरपंजरी पडलेला भीष्म उत्तरायणाची वाट बघत राहिला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दक्षिणायनात मरण नको, हे त्यातून आलेलं.

आता इथे मला घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं मूळ घर रत्नागिरीजवळ. आमच्या घरी टिळक पंचांग चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या पंचांगाप्रमाणे मकर संक्रांत १४-१५ ला नाही, १० जानेवारीला असते. लहानपणी याचा मला भयंकर राग यायचा. वर्गात सगळे १४ तारखेला तिळगूळ आणायचे, माझा चार दिवसांपूर्वीच संपलेला. आजोबा गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांना विचारलं की बरोबर तारीख कोणती, तर ते म्हणायचे, "दोन्ही चूक. संक्रांत डिसेंबरातच होऊन गेली, हे दोघे वराती मागून घोडं नाचवतायत."

आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष आणि ऋतूंवरून मोजलेलं वर्ष यांत दर वर्षी साधारण २० मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण सिंक न करता चालू ठेवलेल्या सर्व्हरच्या घड्याळासारखं ते साचत जातं, सुमारे ७१ वर्षांत एक दिवस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या शेवटी मकर संक्रांत खरोखरच सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास आणि कर्क संक्रांत सगळ्यात मोठ्या दिवसाच्या आसपास होती. आज कर्क संक्रांत १६ जुलैला येते. सूर्य २१ जूनलाच वळलेला असतो. मधले २५ दिवस आकाश दक्षिणायनात आणि हिशेब उत्तरायणात.

या २५ दिवसांवरून महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी केवढी भांडणं झाली हे वाचून मी थक्क झालो. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० च्या दशकात पाश्चात्य वेधांच्या आधारे नवं गणित करून पंचांग काढलं, ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ही मंडळी त्याच्याही पुढे गेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की ऋतू ज्या सूर्यावर चालतात त्याच सूर्यावरून महिने ठरवा. हा सायन पक्ष. यातले दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, शाळाखात्यातले शिक्षक. १८९६ मध्ये त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास छापून आला. मराठीत लिहिलेला आणि आजही जगभरचे अभ्यासक ज्याचं नाव घेतात असा ग्रंथ! आणि १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळिशीही पूर्ण व्हायच्या आत ते गेले. आपल्याकडे त्यांच्या नावाने चौक किती आहेत हा प्रश्न विचारू नये.

दुसऱ्या बाजूला टिळक. डेक्कन कॉलेजात ते छत्र्यांचे विद्यार्थी होते, त्यामुळे गणिताला कच्चे नव्हते. १८९३ च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी वसंतसंपात मृगात होता तेव्हाच्या खुणा वेदांत शोधल्या, म्हणजे अक्षाच्या याच डुलण्याचा घड्याळासारखा उपयोग केला. १९०३ मध्ये 'आर्क्टिक होम' आलं, त्याची जुळवाजुळव येरवड्याच्या तुरुंगात सुरू झाली होती. पुण्यातला माणूस, मध्यरात्रीचा सूर्य कधी न बघितलेला, तुरुंगात बसून सहा महिन्यांच्या दिवसाचा विचार करतोय! त्यांचा निष्कर्ष आज कोणी मानत नाही, पण त्या जिद्दीचं मला राहून राहून नवल वाटतं. १९०४ मध्ये मुंबईला पंचांग परिषद भरली. टिळक पक्ष निरयन राहिला, फक्त आरंभबिंदू रेवतीचा ठराविक तारा धरला, म्हणून आमची संक्रांत १० तारखेला. तडजोड म्हणा हवं तर. आकाशाकडे चार दिवस सरकली, वीस दिवस राहिले.

सायन पक्षाचा विजय झाला तो अगदी मुकाट्याने, दिल्लीत. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती बसली, १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात १ आषाढ म्हणजे २२ जून, अयनाला चिकटवलेला. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत, कारण त्या काळात पृथ्वी सूर्यापासून लांब आणि सावकाश चालत असते. काय सुंदर डिझाइन आहे! वापरतं कोण? राजपत्र आणि आकाशवाणी. उत्तम डॉक्युमेंटेशन असलेलं पण एकही युजर नसलेलं सॉफ्टवेअर बघायचं असेल तर ते हे.

(आपली दिनदर्शिका तिसऱ्या-चौथ्या शतकापासून सरकत गेली म्हणून युरोपाने हसू नये. त्यांचा पारंपरिक मिडसमर २४ जूनला असतो, तो रोमन काळातला अयनदिन. खरा अयनदिन केव्हाच २१ वर आला, सण तिथेच राहिला. स्वीडनने तर १९५३ मध्ये तो शुक्रवार-शनिवारला बांधला, विकांत जोडून मिळावा म्हणून. यापेक्षा आधुनिक धर्मसुधारणा दुसरी नाही.)

आणि हाच २४ जून आपल्या शेजारी येऊन पोचलेला आहे. गोव्यात! सेंट जॉन बाप्तिस्ताचा जन्मदिवस, पोर्तुगीजांचा साँव जुआंव, कोंकणीत सांजांव. बायबलप्रमाणे जॉन येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. म्हणून येशूचा जन्म २५ डिसेंबरला, सगळ्यात लहान दिवसांत, आणि जॉनचा बरोबर समोरच्या टोकाला. पोर्तुगालमध्ये, विशेषतः पोर्तो शहरात, या रात्री शेकोट्या पेटवून त्यावरून उड्या मारतात. तोच सण गोव्यात आला तेव्हा जून म्हणजे मुसळधार पाऊस. शेकोटी कुठे पेटवणार? विहिरी मात्र काठोकाठ. गोंयकारांनी आगीवरची उडी पाण्यात मारली! अर्थात याला धार्मिक अर्थ आहे, मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटात बाळ जॉनने आनंदाने उडी मारली, ती ही उडी. पण युरोपातला अग्नीचा सण आपल्या मान्सूनमध्ये पडला की त्याचा पाण्याचा सण होतो, हे मला तरी फार पटतं.

मी रूममेट्सबरोबर एकदा शिवोलीला गेलो होतो. डोक्यावर पानाफुलांचे, फळांचे मुकुट, त्याला कोपेल म्हणतात. घुमट वाजतंय, "व्हीवा सांजांव" चालू आहे आणि वरून पाऊस असा की छत्री उघडणं हा विनोद. शिवोलीला सजवलेल्या होड्या येतात, आजूबाजूच्या गावांतून पाण्यावरून मिरवत. नवीन जावयाला या दिवशी सासरी खास मान असतो, सासू त्याचं कौतुक करते आणि गावातले लोक त्याला विहिरीवर घेऊन जातात. आपल्याकडे जावयाला अधिक महिन्याची, म्हणजे तीन वर्षांतून एकदा, वाट बघावी लागते. गोव्याचा जावई दर वर्षी. (सदर माहितीचा घरी गैरवापर करू नये.) एका काकांना विचारलं की हा सूर्याचा सण आहे हे ठाऊक आहे का. ते वर ढगांकडे बघून म्हणाले, "खंयचो सूर्य?"

आपल्या मराठी माणसांनीही या दिवसासाठी एक जागा जपली आहे, ती उज्जैनला. उज्जैन जवळजवळ कर्कवृत्तावरच. जयसिंहाने बांधलेली तिथली वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे प्रमुख झाले. तिथे २१ जूनच्या माध्यान्ही शंकूची सावली जवळपास नाहीशी होते, आणि ढग नसले तर लोक ती बघायला जमतात. आपल्या इथे तसं होत नाही. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि मग जुलैच्या शेवटी. २१ जूनला तो आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलेला असतो, साधारण सव्वाचार अंश. म्हणजे त्या दुपारी महाप्यात सावली दक्षिणेला पडते! एक मीटरच्या काठीची साडेसात सेंटिमीटर, पण दक्षिणेला. आणि दुपार म्हणजे बारा नव्हे, १२ वाजून ४० मिनिटं. ही ४० मिनिटंसुद्धा इतिहासच आहेत. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती नाकारली, गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, आणि महापालिका तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' पाळत होती. त्या घड्याळात सूर्य बाराला डोक्यावर यायचा. आता मुंबईचा सूर्य आपल्या ऑफिसच्या घड्याळाला कायमचा लेट आहे.

आजोबांचं राहिलं. ते २०१६ मध्ये गेले, २७ जूनला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, रात्रीच्या गाडीने पोचलो. घरात सगळं झाल्यावर आजीने गुरुजींना एकच प्रश्न विचारला, "अयन कोणतं?" गुरुजींनी कर्क संक्रांतीवरून हिशेब केला आणि म्हणाले, "उत्तरायणातच गेले हो. काळजी करू नका." आजीचा चेहरा सैलावला ते मला दिसलं. मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही माहीत होतं की आजोबा असते तर खाटेवरून उठून म्हणाले असते, सूर्य वळून सहा दिवस झाले. आम्ही कोणी काही बोललो नाही. पंचांगाचा वाद एवढा शतकभर का चालला, हे मला त्या ओसरीवर जेवढं कळलं तेवढं नंतर कुठल्या पुस्तकात कळलं नाही.

२०२५ च्या २१ जूनला शनिवार होता. मी घणसोलीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक काठी, एक पट्टी आणि होकायंत्र घेऊन उभा राहिलो. वॉचमनकाका संशयाने बघत होते. बारापासून पाऊण वाजेपर्यंत ढग हटले नाहीत. १२:३८ ला एक पुसट उजेड आला, सावली पडल्यासारखं वाटलं, कुठल्या बाजूला ते सांगता येणार नाही. मग आजीला फोन लावला. गच्चीवर काय करतोस म्हणाली. मी सांगितलं, आज सगळ्यात मोठा दिवस, आजपासून सूर्य दक्षिणेला वळतो, त्याची सावली बघत होतो.

"आजपासून?" आजी म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलून बसलो ते. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांचं दक्षिणायनच की रे." मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, की पंचांगाप्रमाणे तसं नाही, वगैरे.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यांना पंचांगाप्रमाणे गेलेलं आवडलं नसतंच. तुमच्याकडे पाऊस आहे का? इथे विहीर वर आलीये."

गच्चीवर थेंब पडायला लागले होते. मी काठी गुंडाळून खाली आलो.